वैमानिकांची लॉगबुकं, आठ मिलिमीटरची रिळं आणि कॅसेट: फोर्टमधल्या एका स्कॅनिंगच्या दुकानाचं परीक्षण

आधी निकाल सांगतो. लॉगबुकं, म्हणजे वैमानिकांच्या उड्डाणांच्या नोंदवह्या, स्कॅन करायला या दुकानात निर्धास्तपणे द्या. फिल्मची रिळंही द्या, पण कागदावर चार अटी लिहून द्या. फोटो आणि निगेटिव्हचं काम चांगलं आहे. लॉगबुकातल्या नोंदी टाइप करून देण्याची जी जादा सेवा आहे ती घेऊ नका, आणि कॅसेटचा आवाज ‘साफ’ करून देतो म्हणाले तर नको म्हणा.

परीक्षणासाठी तीन घरांतला ऐवज एकत्र करून दिला होता. लॉगबुकं तीन: एक जुहूच्या फ्लाइंग क्लबमधल्या उड्डाणांचं, १९३० च्या दशकातलं, दुसरं युद्धाच्या सुरुवातीचं, तिसरं १९४७ ते १९५३ या काळातलं, हार्वर्ड या शिकाऊ विमानाच्या आणि पुढे जेट विमानांच्या नोंदींचं. त्यासोबत आठ मिलिमीटरच्या फिल्मची चार रिळं, साठेक निगेटिव्ह, तेवढेच कॉन्टॅक्ट प्रिंट (निगेटिव्हच्याच आकाराचे फोटो) आणि निवृत्त वैमानिकांच्या आठवणी टेप केलेल्या दोन सी-९० कॅसेट. जुहू, सांताक्रूझ, लोहगाव, देवळाली, कल्याणजवळची नेवाळी अशा धावपट्ट्यांची नावं या कागदांत पानापानांवर येतात. सांताक्रूझ आज आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, जुहूवर मुख्यतः हेलिकॉप्टरं उतरतात, नेवाळीला धावपट्टीचे अवशेष उरलेत आणि लोहगाव आजही हवाई दलाचा चालू तळ आहे. या जागांवरून त्या काळी उडालेली माणसं आता जवळजवळ राहिलेली नाहीत. राहिलं आहे ते त्यांच्या हातचं लिखाण, म्हणून ते कोणाच्या हाती द्यायचं याचा इतका काथ्याकूट.

दुकानाचं नाव मुद्दाम देत नाही. दोष थेट मालकांना दाखवले आहेत, त्यांनी ते ऐकून घेतले आहेत आणि काही दुरुस्तही केले आहेत. चर्चगेटहून चालत दहा-बारा मिनिटांवर, जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. एसी आणि आर्द्रता कमी करणारं यंत्र दिवसभर चालू असतं, आणि खोलीत आर्द्रतामापक टांगलेला आहे. पावसाळ्यात मुंबईची हवा ८०-८५ टक्क्यांच्या वर दमट असते, त्यामुळे कोणत्याही दुकानात शिरल्यावर आधी हा काटा शोधा. त्या दिवशी तो ५२ वर होता. जिथे काटाच नाही तिथे जुना कागद रात्रभर ठेवू नये.

आता लॉगबुकं. हवाई दलाच्या नमुन्याचं लॉगबुक हे साध्या वहीसारखं नसतं. डाव्या पानावर वर्ष, महिना, तारीख, विमानाचा प्रकार आणि क्रमांक, मुख्य वैमानिक, सोबत कोण, आणि ‘ड्यूटी’ म्हणजे उड्डाणाचं काम. उजव्या पानावर तासांचे रकाने: एका इंजिनाचं विमान की अनेक इंजिनांचं, दिवसा की रात्री, शिक्षकासोबत की एकट्याने, मग इन्स्ट्रुमेंट फ्लाइंग (बाहेर न बघता फक्त काट्यांवरून उडणं) आणि लिंक ट्रेनर या जमिनीवरच्या सराव-यंत्राचे तास. एक ओळ डाव्या पानावर सुरू होते आणि उजव्या पानावर संपते. म्हणजे डावं पान वेगळं आणि उजवं वेगळं स्कॅन केलं, त्यात एक जरा तिरकं बसलं, की कोणते तास कोणत्या उड्डाणाचे हे जुळवताना नाकी नऊ येतात. जोडपान एका चौकटीतच घ्यायला हवं, आणि हे दुकान तसंच घेतं. पहिला मोठा गुण इथे.

दुसरा गुण पद्धतीचा. नेहमीच्या झेरॉक्सवाल्याकडे वही काचेवर पालथी घालून वरून झाकण दाबतात. सत्तर-ऐंशी वर्षांच्या वहीचा कणा त्यात उकलतो, शिवणीचा दोरा तुटतो आणि मधली पानं सुटतात. इथे वही उताणी ठेवतात. दोन्ही बाजूंना स्पंजच्या पाचरी असतात, त्यामुळे वही पूर्ण सपाट न होता साधारण १२० अंशात उघडी राहते. कॅमेरा वर, खांबावर. दोन दिवे डावी-उजवीकडून ४५ अंशांत. पानाशेजारी रंगपट्टी आणि मोजपट्टी. पहिल्या आणि शेवटच्या चौकटीत रंगपट्टी असली तरी चालतं; यांनी ती प्रत्येक जोडपानात ठेवली.

रिझोल्यूशन ४०० डीपीआय, म्हणजे इंचाला ४०० ठिपके. लॉगबुकाला एवढं पुरतं. उघडी वही ४० बाय २२ सेंटिमीटर धरली तर चित्र सुमारे ६३०० बाय ३४६५ पिक्सेलचं होतं, आणि २४ बिट रंगात टिफ (न दाबलेली मूळ) फाइल ६५ एमबीच्या आसपास जाते. तीन वह्यांची मिळून २१४ जोडपानं झाली, म्हणजे १४ जीबी. ‘६०० डीपीआय घ्या, जास्त चांगलं’ असं कोणी म्हणालं तर त्याने फाइल सव्वादोनपट होते आणि अक्षर काही जास्त वाचता येत नाही. पैसे रंगावर खर्च करा.

रंग इतका महत्त्वाचा का? हवाई दलाच्या लॉगबुकात रात्रीचं उड्डाण लाल शाईत लिहायची पद्धत होती. काही वह्यांत युद्धमोहिमा हिरव्या शाईत सापडतात. कृष्णधवल स्कॅनमध्ये हा सगळा भेद एका करड्या रंगात बुडतो. त्याहून वाईट म्हणजे मोबाइलच्या स्कॅनिंग ॲपची सवय: कागद पांढराशुभ्र, अक्षर काळंकुट्ट. लाल शाई उडून फिकट गुलाबी झालेली असते. ‘ऑटो’ बटण दाबलं की ती पार्श्वभूमी समजून पुसली जाते आणि रात्रीचे तास पानावरून नाहीसे होतात. समासातल्या पेन्सिलीच्या खुणांचंही तेच होतं. या दुकानाने मूळ टिफ जशीच्या तशी, पिवळ्या कागदाच्या पिवळेपणासकट दिली, आणि वाचायला उजळ केलेली जेपेग वेगळ्या फोल्डरमध्ये. असंच हवं.

चिकटवलेल्या कागदांच्या कसोटीलाही ते उतरले. लॉगबुकाच्या आरंभी विमानाच्या प्रकारानुसार प्रमाणपत्रं चिकटवलेली असतात: या विमानाची पेट्रोल, तेल, इग्निशन, हायड्रॉलिक यंत्रणा मला समजली आहे, अशा मजकुराखाली सही. वर्षाअखेरीचा मूल्यांकनाचा कागद घडी घालून डकवलेला असतो, आणि त्यात वैमानिकाची पात्रता ‘सरासरी’ की ‘सरासरीहून वरची’ हे वरिष्ठाने लिहिलेलं असतं. घडी न उघडता स्कॅन केलं तर सगळ्या वहीतला सर्वांत मोलाचा शेरा आतच राहतो. इथे प्रत्येक घडीच्या जागेचे दोन फोटो आहेत, एक बंद आणि एक उघडा, आणि फाइलींची नावं ‘०३७’, ‘०३७-क’ अशी. जिथे सेलोटेप लावलेली होती तिथे ती ओढून काढली नाही. तपकिरी डागासकट फोटो घेतला. टेप काढायला गेलं की तिच्यासोबत कागदाचा वरचा पापुद्रा आणि अक्षर दोन्ही येतात.

एका वहीत नोंदी कॉपिंग पेन्सिलीने लिहिलेल्या होत्या. हिचं शिसं कोरडं असताना करडं दिसतं आणि ओल लागली की जांभळं पसरतं. दुकानातल्या मुलाने ते ओळखलं, हातमोजे बदलले आणि त्या पानांना बोट लावण्याऐवजी हाडाच्या पट्टीने पान उलटलं. विचारल्यावर म्हणाला, घामाचं बोट लागलं तरी जांभळा ठसा उमटतो. अशा हातांत ऐवज सुरक्षित असतो. तिथेच बाजूच्या टेबलावर ‘लॅमिनेशन करून मिळेल’ अशी पाटी आहे, ती मात्र डोळ्यांना खुपली. लॉगबुकाचं सुटं पान काय किंवा ‘विंग्ज’ (वैमानिकाचा बिल्ला) मिळाल्याचा कागद काय, लॅमिनेशन कधीही करू नये. उष्णतेने प्लॅस्टिक कागदात मुरतं आणि ते परत निघत नाही.

आता टायपिंग, म्हणजे वहीतल्या नोंदी एक्सेलमध्ये भरून देणं. इथे दुकान सपशेल उताणं पडलं. टाइप करणाऱ्याला विमानं माहीत नाहीत, आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. पण मग ही सेवा विकू नये.

पहिली आणि सर्वांत मोठी चूक तासांची. लॉगबुकात ‘१.२०’ म्हणजे एक तास वीस मिनिटं. एक पूर्णांक वीस शतांश तास नव्हे. एक सकाळ घ्या: १.२०, ०.५० आणि १.०५. खरी बेरीज तीन तास पंधरा मिनिटं. एक्सेलने केली २.७५. ही चूक पानामागून पान साचत जाते आणि वहीच्या अखेरीस शेकड्याने तास इकडचे तिकडे होतात. ती पकडण्याची सोय लॉगबुकातच आहे, कारण प्रत्येक पानाच्या तळाशी एकूण आणि पुढच्या पानाच्या माथ्यावर मागील एकूण असतं, आणि महिनाअखेरीचा गोषवारा फ्लाइट कमांडरच्या सहीने पक्का होतो. टाइप केलेल्या तक्त्यात हा ताळा एकाही पानाला घातलेला नव्हता. घरी करायचं असेल तर तास आणि मिनिटं दोन वेगळ्या रकान्यांत भरा, मिनिटांच्या बेरजेला ६० ने भागा आणि प्रत्येक पानाचा ताळा त्याच वेळी मिळवा. वहीतली बेरीजच मुळात चुकलेली असेल (पुष्कळदा असते) तर मूळ आकडा तसाच ठेवून शेजारी टीप लिहा. वैमानिकाची बेरीज आपण सुधारायची नाही.

दुसरी चूक विमानांची. तिसऱ्या वहीत १९४९ सालच्या नोंदींना विमानाचा प्रकार ‘एचटी-२’ लावला आहे. एचटी-२ हे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टचं शिकाऊ विमान पहिल्यांदा उडालं ५ ऑगस्ट १९५१ ला. मग १९४९ मध्ये ते कोण उडवणार? झालं असं की हार्वर्ड विमानांच्या क्रमांकांची सुरुवात ‘एचटी’ने होते. हवाई दलाच्या व्हिंटेज ताफ्यातलं हार्वर्ड एचटी-२९१ हे त्याचंच उदाहरण. प्रकाराच्या रकान्यात वैमानिकाने डिट्टोची खूण केली होती, टाइप करणाऱ्याने क्रमांक बघितला आणि प्रकार ठरवून टाकला. त्याच तऱ्हेने ‘एचयू’ म्हणजे टायगर मॉथ, ‘एचएस’ म्हणजे स्पिटफायर, ‘एचए’ म्हणजे टेम्पेस्ट, ‘एचबी’ म्हणजे व्हॅम्पायर, ‘एचजे’ म्हणजे डाकोटा. एवढी यादी शेजारी ठेवली तर निम्मा घोळ टळतो. दुसऱ्या वहीत ‘वापिटी’चं ‘वापी’ झालं आणि विमान गुजरातच्या वाटेवरचं स्टेशन होऊन बसलं! युद्ध सुरू झाल्यावर किनाऱ्याच्या राखणीसाठी ज्या कोस्टल डिफेन्स फ्लाइट (छोट्या हवाई तुकड्या) उभारल्या त्यांतली दोन क्रमांकाची मुंबईची होती, आणि सुरुवातीला तिच्याकडे वेस्टलँडची हीच जुनी वापिटी विमानं होती. म्हणजे मुंबईच्या दृष्टीने त्या वहीतला सर्वांत महत्त्वाचा शब्द नेमका बिघडला.

डिट्टोच्या खुणांनी जागांचाही गोंधळ केला आहे. क्लबच्या वहीत ‘जुहू’च्या खाली दोन टिंबांच्या रांगा, मध्ये एका ओळीत ‘पूना’, पुन्हा टिंबं. तक्त्यात शेवटपर्यंत जुहूच. जुलै महिन्यातली पानं असली की इथे जास्तच सावध राहायला हवं. जुहूची जुनी पट्टी चिखलाची. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाचं पस मॉथ विमान जुहूला उतरवलं, त्या टपालसेवेलाही पावसाळ्यात ही पट्टी पाण्याखाली जायची म्हणून सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याला हलवावा लागायचा. टिंबं दिसली की वरचा शब्द ओढत न्यायच्या आधी महिना बघावा.

आणि वेळ. फ्लाइंग क्लबच्या वहीत निघाल्याची वेळ लिहिली आहे, आणि टाइप करणाऱ्याने वर ‘भारतीय प्रमाणवेळ’ असं शीर्षक स्वतःच ठोकून दिलं आहे. मुंबईत ‘बॉम्बे टाइम’ १९५५ पर्यंत चालत होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. शिवाय युद्धकाळात सप्टेंबर १९४२ पासून ऑक्टोबर १९४५ पर्यंत देशाची घड्याळं एक तास पुढे होती. वहीत कोणती वेळ आहे हे वहीच सांगत नसेल तर नुसता आकडा लिहावा आणि शीर्षक मोकळं ठेवावं.

टायपिंगचे दर नोंदीला चार रुपये होते. तिन्ही वह्यांचे पैसे त्यांनी तक्रार दाखवल्यावर परत केले, तेही वाद न घालता. हा त्यांचा चांगुलपणा नोंदवायला हवा.

फिल्मची गोष्ट वेगळी. इथे यंत्र उत्तम आहे, फक्त ते कसं लावायचं हे ग्राहकाने सांगावं लागतं. चार रिळांतली तीन ‘रेग्युलर’ आठ मिलिमीटरची, एक ‘सुपर एट’. ओळख सोपी: रेग्युलरची भोकं मोठी आणि दोन चौकटींच्या मधल्या रेघेवर, सुपर एटची भोकं बारीक आणि चौकटीच्या मधोमध. सुपर एट १९६५ मध्ये आली, त्यामुळे त्या रिळातलं दृश्य त्यापूर्वीचं असूच शकत नाही, डबीवर काहीही लिहिलेलं असो.

आधी डबी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्मचा ॲसिटेटचा (प्लॅस्टिकचा) पाया कुजायला लागला आहे. मुंबईच्या पोटमाळ्यावर हे हमखास होतं. अशी फिल्म आकसते, भोकांमधलं अंतर कमी होतं आणि दातेरी चक्राच्या प्रोजेक्टरवर चढवली की भोकं फाटत जातात. या दुकानाच्या स्कॅनरला दातेच नाहीत. रबरी रुळांवरून फिल्म सरकते आणि प्रत्येक चौकटीचा वेगळा फोटो निघतो. एका रिळाला वास होता. त्यांनी ते बाकीच्यांपासून वेगळं ठेवलं आणि सर्वांत आधी स्कॅन केलं, कारण हा वास शेजारच्या रिळांनाही लागतो. भिंतीवर प्रोजेक्टर लावून समोरून व्हिडिओ काढणारी दुकानं अजून मुंबईत आहेत. त्यांच्याकडे जाऊ नका. चित्र लुकलुकतं आणि कडा कापल्या जातात.

पहिल्या फेरीत काय चुकलं? वेग. चार रिळांच्या फायली मिळून दहा मिनिटं चोवीस सेकंदांच्या आल्या. हिशोब करून बघा. पन्नास फुटांच्या रेग्युलर रिळात सुमारे ४००० चौकटी असतात. घरगुती कॅमेरे सेकंदाला १६ चौकटी घेत, म्हणजे रीळ चार मिनिटं दहा सेकंदांचं. सुपर एटमध्ये ३६०० चौकटी, सेकंदाला १८, म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. चारांची बेरीज पंधरा मिनिटं पन्नास सेकंद व्हायला हवी. दुकानाने सगळं सेकंदाला २५ चौकटींनी लावलं, त्यामुळे माणसं तुरुतुरु धावतात आणि टायगर मॉथ खेळण्यासारखं उड्या मारत उतरतं. मिनिटं मोजणं ही सर्वांत सोपी तपासणी आहे. दाखवल्यावर दोन दिवसांत दुरुस्त करून दिलं.

दुसरी चूक मात्र जास्त गंभीर. चित्र ‘गुळगुळीत’ करण्यासाठी त्यांनी एआयने दोन चौकटींच्या मध्ये नव्या चौकटी घातल्या होत्या. एक दृश्य बारकाईने बघा. टायगर मॉथ पार्क केलेलं, एक माणूस हाताने पंखा फिरवतो, इंजिन लागतं. मूळ चौकटींत दोन पात्यांचा पंखा झटक्याझटक्याने दिसतो, मग थबकल्यासारखा, मग उलट फिरल्यासारखा. कॅमेरा ठरावीक अंतराने बघतो म्हणून असं होतं आणि ते खरं चित्रण आहे. एआयच्या आवृत्तीत पंख्याची राखाडी थाळी झाली. वरच्या आणि खालच्या पंखांमधल्या तिरप्या तारा दिसेनाशा झाल्या. आणि अंगावरची नोंदणीची अक्षरं ठळक झाली, पण वेगळीच. मूळ चौकटीत जिथे ‘व्हीटी’ या भारतीय नोंदणीच्या खुणेपुढचं एक अक्षर धूसर आहे, तिथे यंत्राने स्वतःच्या मनाने अक्षर घडवलं. विमानाची ओळख त्या अक्षरांवरून पटते. ते बनावट असलं तर पुढचा अभ्यास करणारा भलत्याच विमानाच्या मागे लागतो. म्हणून लिहून द्या: एआय नको, चौकटी वाढवायच्या नाहीत, स्थिरीकरण नको, भोकांसकट पूर्ण रुंदी घ्या. आधी म्हटलेल्या चार अटी त्या याच. रेग्युलर आठच्या काही कॅमेऱ्यांत चित्र भोकांच्या मधल्या जागेतही उमटलेलं असतं आणि कित्येकदा हँगरचा कोपरा तिथेच सापडतो.

रीळ उलटं लागलं नाही ना, हेही तपासा. आरशातल्यासारखं चित्र आलं तर नोंदणीची अक्षरं लगेच चुगली करतात. एका रिळात असं झालं होतं, मागितल्याबरोबर पलटवून मिळालं.

निगेटिव्ह ६ बाय ६ सेंटिमीटरच्या होत्या. २४०० डीपीआयला साधारण ५३०० पिक्सेलची बाजू मिळते, चेहरे ओळखायला भरपूर. स्कॅनरमध्ये धूळ आणि ओरखडे आपोआप काढणारी अवरक्त किरणांची सोय असते, ती चांदीच्या कृष्णधवल निगेटिव्हवर बंदच ठेवावी लागते. चांदीचे कण अवरक्त किरणांना अडवतात आणि यंत्र त्यांनाच धूळ समजून पुसायला लागतं. कोडाक्रोमच्या रंगीत स्लाइडवरही हीच अडचण येते. दुकानाला हे ठाऊक होतं, सांगावं लागलं नाही.

फोटोंच्या पाठीही स्कॅन करून घ्या. दुकान त्याचे अर्धे पैसे लावतं आणि ते द्यावेत. एका प्रिंटच्या पाठीवर ‘बॉम्बे गिफ्ट, नोव्हें. ४१’ एवढंच लिहिलं आहे, समोर लायसँडर विमानांची रांग. दुकानाने फाइलला नाव दिलं ‘मुंबई १९४१’. मुंबईच्या युद्ध-देणगी निधीतून बारा लायसँडर हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रनला मिळाली खरी, पण ती प्रदान केली गेली पेशावरला. पाठीवरचा मजकूर जसाच्या तसा उतरवा, त्यावरून जागा ठरवायचं काम दुकानाचं नाही. तारखेसाठी विमानावरचं चिन्ह पुष्कळ सांगतं. वर्तुळात मधला लाल ठिपका नसेल तर युद्धातलं, कारण पूर्वेच्या आघाडीवर जपानी विमानांच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊ नये म्हणून लाल रंग काढला होता. अशोकचक्र असेल तर स्वातंत्र्यानंतरचं पण १९५० पूर्वीचं. लॉगबुकाच्या मुखपृष्ठावर ‘रॉयल’ शब्द असेल तर वही १९४५ ते १९५० मधली असण्याचा संभव मोठा, पण छापील साठा संपेपर्यंत जुन्या वह्या चालत राहायच्या, म्हणून आतल्या तारखा प्रमाण.

जुहू आणि सांताक्रूझ यांचे फोटो एकाच फोल्डरमध्ये टाकले होते, ‘मुंबई विमानतळ’ म्हणून. ते वेगळे करून घ्या. दोन्ही पट्ट्या दोन-अडीच किलोमीटरच्या अंतरात आणि दिशा जवळपास सारख्या. १५ जुलै १९५३ ला एक कॉमेट प्रवासी विमान आणि २४ सप्टेंबर १९७२ ला एक डीसी-८ सांताक्रूझऐवजी जुहूला उतरलं होतं. भल्याभल्यांची गल्लत झाली आहे, तर फोल्डरवर नाव घालताना दोनदा बघायला काय हरकत आहे.

कॅसेटबद्दल थोडक्यात. ९० मिनिटांची कॅसेट २४ बिट, ४८ किलोहर्ट्झला स्टिरिओ घेतली तर दीड जीबी होते, आणि तशी मूळ फाइल त्यांनी दिली. एकीतलं टेपमागचं फेल्टचं छोटं पॅड गळून पडलं होतं, त्यामुळे आवाज येत-जात होता. त्यांनी कवच बदलून टेप नव्या कवचात घातली. टेप वाचणाऱ्या हेडचा कोनही टेपनुसार जुळवला होता. पण ‘साफ’ केलेली आवृत्ती ऐकवत नाही. पंख्याची घरघर काढताना ‘स’, ‘श’, ‘फ’ हे उच्चारही गेले आणि ‘सुलूर’ की ‘लाहोर’ कळेनासं झालं. आठवणींच्या ध्वनिमुद्रणात गावांची नावंच तर ऐकायची असतात. मूळ फाइल ठेवा, साफ केलेली पुसून टाका.

दर असे होते: जोडपानाला ३५ रुपये, निगेटिव्हला ४०, प्रिंटला ३०, पन्नास फुटांच्या रिळाला ९००, कॅसेटला ६००. घडीचे कागद जोडपानातच धरले. मुदत तीन आठवडे सांगितली, लागले पाच. घाईचं काम असेल तर जूनच्या आधी द्या. पावसाळ्यात बुरशी आलेल्या ऐवजाची रांग लागते.

देण्याआधी घरी काय करायचं? फार काही नाही. ओल्या फडक्याने पुसू नका, उन्हात वाळत घालू नका. बुरशी दिसली तर ती वही वेगळ्या पिशवीत घाला आणि दुकानात शिरताच सांगा. डांबरगोळ्यांच्या पेटीत फिल्म ठेवली असेल तर बाहेर काढा. लोकलने नेणार असाल तर गर्दीची वेळ टाळा आणि वही पाठीवरच्या पिशवीत आडवी, दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. चालू तळांचे फोटो असतील तर स्कॅनच्या फायली उघड्या लिंकवर मागवू नका, हार्ड डिस्कवरच घ्या. एक प्रत घरी, दुसरी दुसऱ्या घरी.

ऐवज परत घेताना काउंटरवरच अर्धा तास द्या. रीळ मोजा, निगेटिव्ह मोजा, वहीची कोरी पानंसुद्धा स्कॅन झाली आहेत का ते पाहा. विशेषतः पानांत ठेवलेले सुटे कागद त्याच पानात परत आले आहेत का, हे बघाच. आमच्या दुसऱ्या वहीत एक टिपकागद होता, त्यावर उलट्या अक्षरांत सहीचा ठसा उमटलेला. तो ज्या पानांच्या मध्ये होता, तिथलीच लाल शाई त्याने टिपली होती. दुकानाने त्याचा फोटो दोन्ही बाजूंनी घेतला, फाइलला पानाचा क्रमांक दिला आणि कागद परत त्याच जागी ठेवला होता.